मोतुलेईचे रिकामे रकाने

१ मार्च २०१६, मंगळवार

शून्य! नासाडी म्हणे शून्य!

अन्नाच्या नासाडीचे सात वर्षांचे आलेख आज पुरे झाले. दूरच्या महासागरातली नऊ बेटं, नऊ रेघा. आठ रेघा वर चढत गेलेल्या — उष्मा वाढला, जहाजं उशिरा येतात, वादळात केळी आडवी होतात, बर्फ नाही म्हणून मासे खराब होतात. सगळं ओळखीचं. नववी रेघ मोतुलेईची. ती मात्र चौथ्या वर्षापासून खाली उतरायला लागली आणि शेवटची दोन वर्षं थेट तळाला टेकली. म्हणजे त्या बेटावर जे पिकलं, जे जाळ्यात आलं, त्यातलं काहीच वाया गेलं नाही. एक केळं काळं पडलं नाही की एक मासा कुजला नाही.

डॉ. हार्टविग स्वतः उठून माझ्या टेबलापाशी आले. एरवी साहेब पलीकडच्या खोलीतून मेल पाठवतात. "उन्झर लॉयख्टटुर्म, फ्राऊ खाडिलकर!" — आमचा दीपस्तंभ! मासे आणि नीरफणस वाळवायच्या भट्ट्या आमच्याच ऑफिसने मोतुलेईला पाठवल्या होत्या. आता त्यांचं कौतुक अहवालाच्या तेराव्या पानावर, रंगीत फोटोसकट.

मी पण हसले. काय करणार! पण शून्य? माझ्या फ्रिजमध्येही शून्य होत नाही. सकाळीच अर्धी कोथिंबिरीची जुडी बिओटोनेत, ओल्या कचऱ्याच्या पिंपात, टाकून आले — सासूबाई आंघोळीला गेल्यात ते बघून.

६ मार्च

सासूबाई येऊन आठवडा झाला. सांगलीहून निघताना बॅगेत मेतकूट, कुळथाचं पीठ, भाजणी — जणू आम्ही इथे उपाशी बसलोय. त्यांच्यात आणि माझ्या लेकीत, कुहूत, सध्या शीतयुद्ध. कुहू यंदा व्हीगन झालीये. तूप नाही, दही नाही. शिवाय तिचा एक ग्रुप आहे. बेकऱ्या बंद व्हायच्या वेळी उरलेले ब्रेड गोळा करून आणतात आणि वाटतात. वाटून उरलेले आमच्याकडे.

सासूबाई राजनला म्हणाल्या, "जर्मनीत राहून माझी नात शिळे पाव गोळा करते, हे मी सांगलीत कुणाला सांगू?" राजन पेपरमागे लपला. कुहूने उत्तर दिलं ते जर्मनमध्ये. बरं झालं!

खरं तर पोरगी माझंच काम करते. ती पाव वाचवते. मी नुसते मोजते.

१४ मार्च

हार्टविगने अहवालाचा शेवटचा मसुदा दिला. दोनदा वाचला.

इतकी वर्षं मला वाटायचं की आपले आकडे कुणीच वाचत नाही. पण यंदा तिथलं सरकार वाचणार आहे. बेटांवर दर महिन्याला सरकारी जहाज जातं — तांदूळ, पीठ, डबाबंद मासे, रॉकेल, औषधं घेऊन. खर्च झेपत नाही म्हणतात. म्हणून जी बेटं स्वतःचं स्वतः भागवतात त्यांच्याकडे ते यापुढे वर्षातून दोनदाच पाठवायचं. कुठली बेटं, ते जूनच्या बैठकीत ठरणार, आमच्या अहवालावरून. आणि हार्टविगने पान तेरावर ठळक अक्षरांत लिहिलंय — 'मोतुलेई: अन्नाबाबत स्वयंपूर्ण.'

"आपल्याला नक्की खात्री आहे का?" मी विचारलं.

"आल्झो, सात वर्षांची आकडेवारी आहे. तुम्हीच तर बेरजा केल्यात."

मीच केल्यात, गेनाऊ — अगदी बरोबर. म्हणूनच तर विचारतेय!

१५ मार्च

मोतुलेई नकाशावर शोधलं. खूप मोठं करावं लागलं. मग एक पांढरट बांगडी दिसली, मध्ये निळं पाणी. त्यावर माणसं राहतात.

२० मार्च, रविवार

आज घरात महाभारत.

दुपारी सुधीरचा फोन. राजनचा कॉलेजमधला मित्र, रेगेन्सबर्गला गाड्यांच्या कारखान्यात आहे. ऑफिसच्या कामाहून परतत होता, फ्रँकफर्टला गाडी चुकली, पुढची तीन तासांनी. "वहिनी, येऊ का तुमच्याकडे?" रविवार! दुकानं बंद. काल मी खरेदीला गेले नव्हते, सकाळी उरलंसुरलं संपवलेलं. मी आपलं सरळ सांगितलं, "ये की! पण घरात खायला काही नाही हं, स्टेशनवर काहीतरी खाऊन ये."

यात चुकलं काय? इथे सगळे असंच बोलतात. माझ्या मैत्रिणी तर येताना स्वतःचा केक घेऊन येतात.

फोन ठेवला आणि बघते तर सासूबाईंचा चेहरा उतरलेला. "शुभदा, दाराशी येणाऱ्या माणसाला घरात काही नाही म्हणून सांगितलंस?"

"अहो आई, खरंच नाहीये काही."

"नसू दे. ते सांगायचं असतं का?"

मग पदर खोचून उठल्या. कुहूचे ते शिळे पाव! कुस्करले, कांदा, मिरची, खमंग फोडणी, वर लिंबू. शेजारी कुळथाचं पिठलं. सुधीर दोनदा मागून जेवला. "काकू, पंधरा वर्षांत असं खाल्लं नाही!" सासूबाई म्हणाल्या, "काही नाही रे, घरात होतं त्यातलंच." आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

भांडी घासताना मी चिडचिड करत होते. म्हटलं, हे बरं आहे! आपल्याकडच्या बायका डबे खडखडले तरी तोंडाने म्हणणार नाहीत की संपलंय. शेजारणीला कळू द्यायचं नाही, पाहुण्याला तर नाहीच नाही. मग एखाद्या बाईला दारात जाऊन कुणी विचारलं की बाई, तुझ्या घरात काय आहे आणि किती आहे, तर ती काय सांगेल?

हातातली कढई तशीच राहिली.

आमचा अख्खा सर्व्हे म्हणजे तेच की! कुणीतरी दारात जातं आणि विचारतं — यंदा किती पिकलं? त्यातलं किती नासलं?

२१ मार्च

हार्टविग यायच्या आधी ऑफिसला पोचले. बेटावरून आलेली मूळ फाइल उघडली — आमच्या प्रोग्रॅममधून जायच्या आधीची.

मोतुलेईच्या शेवटच्या दोन वर्षांत एकही आकडा नाही. शून्यसुद्धा नाही. घरांची नावं आहेत, माणसं किती, त्यांतली म्हातारी, आजारी, गरोदर किती ते आहे, आणि पुढे रकाने रिकामे. किती पिकलं — रिकामं. किती नासलं — रिकामं.

हार्टविगला रिकामे रकाने खपत नाहीत. पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, तक्त्यात भोक नको. म्हणून प्रोग्रॅम रिकाम्या जागी आपलं आपण शून्य भरतो. पिकाचे आकडे आलेखात येतच नाहीत, येतात फक्त नासाडीचे. नासाडी शून्य!

मग मागची वर्षं काढली. आधी दोन-चार घरं गप्प. पुढच्या वर्षी आणखी. दरवर्षी गप्प घरं वाढली, त्यांची शून्यं वाढली, आणि सरासरी उतरत गेली. आम्ही इथे टाळ्या वाजवतोय. भट्ट्यांचं कौतुक! वाळवायला काही असलं तर भट्ट्या चालणार ना?

लोसाला मेल केला. ती तिथल्या शाळेत शिकवते आणि दरवर्षी आमच्यासाठी घरोघर फिरते. फक्त एवढंच विचारलं, हे रकाने तू रिकामे का सोडलेस?

२५ मार्च, गुड फ्रायडे

उत्तर नाही. सगळं शहर बंद. राजन म्हणतो, "तू सुट्टीतही त्या बेटावर असतेस."

२ एप्रिल

लोसाशी बोलले! शिक्षकांच्या ट्रेनिंगसाठी ती राजधानीच्या बेटावर आलीये, तिथे स्काइप चालतं. आमची सकाळ, तिची संध्याकाळ. सात वर्षं आम्ही एकमेकींना मेल करतोय, चेहरा आज पाहिला. मला वाटली होती त्याहून खूप तरुण आहे. केसांत फूल. तिच्या मागे कुणीतरी मोठ्याने रेडिओ लावलेला.

आधी इकडचं तिकडचं बोलत राहिली. मी परत विचारलं. मग म्हणाली, "मी मावशीच्या घरी जाते. ती मला चटईवर बसवते. जहाजातून आलेली बिस्किटं आणि चहा पुढे ठेवते. आता मी तिला कशी विचारू, की तुझ्या खड्ड्यात यंदा किती अळू निघाला? तिला म्हणावं लागेल, काही नाही. आमच्यात पाहुण्याला असं म्हणत नाहीत. म्हणून मी विचारत नाही. चहा पिते, पुढच्या घरी जाते."

"मग तू स्वतः शून्य लिहायचंस!"

"मावशीच्या नावापुढे?" असं म्हणाली, जणू मी तिला काहीतरी घाण करायला सांगितलं होतं.

मग हळूहळू सांगितलं. एका वर्षी मोठी भरती आली आणि समुद्र बेटावरून चालत गेला. अळूचे मोठे खड्डे असतात त्यांचे — खोल, गोड्या पाण्यापर्यंत खणलेले, पिढ्यान्‌पिढ्यांचे. त्यांत खारं पाणी शिरलं. गड्डे आतल्या आत कुजले. ते त्या वर्षीच्या नासाडीत आम्ही मोजलेही होते! मग दरवर्षी पाणी येतच राहिलं. नीरफणसाची झाडं शेंड्याकडून वाळत गेली. आता मासे मिळतात, नारळ मिळतात, बाकी सगळं जहाजातून.

"आणि जहाज सहा महिन्यांनी यायला लागलं तर?" मी विचारलं.

तिने मागे वळून पाहिलं. रेडिओवर गाणं चालूच होतं.

मी म्हटलं, मी हे सगळं अहवालात लिहिणार आहे. ती पटकन म्हणाली, नको. मावशीला कळलं तर ती माझ्याशी बोलणार नाही. मी म्हटलं, कुणाचं नाव येणार नाही. तरी नको. मग मी जरा आवाज चढवलाच — "लोसा, लाज राखून पोट भरणार आहे का? जहाज बंद पडेल!"

तिने केसांतलं फूल काढून समोर ठेवलं. मग म्हणाली, "बरं. लिही."

बोलणं संपल्यावर मला रडू आलं. दया वगैरे नाही, रागाने आलं. हार्टविगचा राग, प्रोग्रॅमचा राग. आणि सात वर्षं मी बेरजा करत बसले, एकदा उचलून फोन केला नाही.

५ एप्रिल

हार्टविगशी भांडले. जर्मनमध्ये भांडताना माझी क्रियापदं वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत माझा दम संपतो, पण आज पोचली.

माणूस वाईट नाही. ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसत राहिले. म्हणाले, तळटीप देऊ.

"तळटीप कोण वाचतं?"

"मंत्रालयातले लोक वाचतात."

"हेर डॉक्टर, तुम्ही तरी वाचता?"

मग खरी अडचण बाहेर आली. मोतुलेईचं पान बदललं तर बाकीच्या आठ बेटांचं काय? तिथेही रिकाम्या जागी शून्यंच गेलीत. मग सात वर्षांचं सगळंच काम चुकलं म्हणा ना!

"म्हणते," मी म्हणाले. "सगळं परत करते मी. जूनच्या बैठकीच्या आत."

त्यांनी चष्मा परत चढवला. शेवटी म्हणाले, "माखन झी दास." करा. एवढंच.

राजनला सांगितलं तर म्हणतो, "अगं, अहवालावर तुझं नाव तरी असतं का?" नसतं. म्हणून काय झालं?

१७ एप्रिल

नऊ बेटं, सात वर्षं. डोळे खोबणीत गेले. सासूबाई न बोलता शेजारी ताक आणून ठेवतात. बोलणं अजून तसं बेताचंच आहे आमचं. पण आज विचारलं, "त्या बायकांच्या पोरांचं खाण्यापिण्याचं काय मग?" जहाजाचं सांगितलं. म्हणाल्या, "मग लिही बाई लवकर."

कुहूलाही सांगितलं. तिने ऐकलं, मोबाइल बाजूला ठेवून ऐकलं! मग मराठीत म्हणाली, "आई, हे खूप वाईट आहे." तिच्या तोंडून पुरं मराठी वाक्य कधी ऐकलं होतं ते आठवत नाही.

९ मे

पान तेरा नवं लिहिलं. भट्ट्यांचा फोटो काढून टाकला. वर शीर्षक — 'मोतुलेई: नासाडी नाही, कारण पीक नाही.' खाली सगळं. खारं पाणी, खड्डे, झाडं, जहाजावरचं अवलंबन. एकाही घराचं नाव नाही. सातदा वाचलं. माझ्या हातून इतक्या वर्षांत काही खरं लिहून झालं असेल तर हे.

२९ मे

सासूबाईंना विमानतळावर सोडून आलो. कुहू बिलगून रडली. सासूबाईंनी तिच्या हातात मेतकुटाची कृती लिहून दिली — "यात तूप नाही हं." घर एकदम मोठं वाटतंय.

१६ जून

बैठक झाली. हार्टविग तिकडे जाऊन आले. जहाज बंद होणार नाही! मोतुलेईला दर महिन्याला जात राहणार. मंत्रालयातल्या कुणीतरी पान तेरा हातात धरून विचारलं म्हणे, हे कुणी लिहिलं? हार्टविगने माझं नाव सांगितलं. मला मेल न करता उठून टेबलापाशी येऊन सांगितलं.

खूप आनंद झालाय. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच म्हणेन की त्यात काय एवढं. मी, शुभदा खाडिलकर, एका बेटाचं जहाज वाचवलं!

संध्याकाळी आंब्याच्या डब्यातला रस काढून आम्रखंड केलं. कुहूसाठी बदामाच्या दह्याचं. तेही संपलं.

१८ जुलै

लोसाचा मेल. जहाज आलं, तांदूळ उतरला. मावशीशी अबोला नाही, तिला अजून काही कळलेलं नाही. फोटो पाठवलाय — किनाऱ्यावर पोती, त्यांवर बसलेली पोरं.

६ सप्टेंबर

तिथल्या मंत्रालयाचा मेल, थेट मला! मोतुलेईवर सध्या घरं किती, घरागणिक म्हातारी माणसं किती, अंथरुणाला खिळलेली किती, गरोदर बायका किती. आपल्याकडच्या मूळ फाइलमध्ये असेल तर कळवावं.

बघा! एका पानाने केवढा फरक पडतो. आधी त्या बेटाकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, आता एकेका म्हाताऱ्याची चौकशी. सगळं जेवणाच्या सुट्टीत काढलं, नीट तपासलं आणि आजच पाठवून दिलं. उत्तरात त्यांनी तीनदा आभार मानलेत.

३ ऑक्टोबर

आज जर्मन एकतेची सुट्टी. लोसाचा दोन महिन्यांत काही मेल नाही. शाळा सुरू असेल. मी लिहिलं तिला, पुढच्या वर्षीच्या सर्व्हेत आपण प्रश्नच बदलू, तूच सांग कसे विचारायचे. हार्टविगही तयार आहेत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कामाला जावंसं वाटतंय.

११ नोव्हेंबर

लोसाचा मेल, राजधानीच्या बेटावरून. गेल्या महिन्यात जहाज आलं ते रिकामं. सरकारने पान तेरा वाचून ठरवलं, की जिथे काही पिकणारच नाही तिथे अन्न नेत राहण्यापेक्षा माणसंच इकडे आणावीत. कोण कुठल्या घरात, कुणाला उचलून न्यावं लागेल, सगळी यादी त्यांच्याकडे तयार होती. आता मोतुलेईवर कुणी नाही.

मावशी सगळ्यांत शेवटी चढली. लोसाला एवढंच म्हणाली, "म्हणून तर मी सांगत नव्हते."